शेतकऱ्यांचें अनुदान आणि गांवची चावडी

वर्षांतून तीन वेळां वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट येथील बँकांच्या दारांशीं नेहमींपेक्षां अधिक गर्दी लोटते. खेड्यापाड्यांतून आलेला प्रत्येक मनुष्य खिडकीशीं जाऊन एकच प्रश्न विचारतो, "हप्ता आला काय ?" ज्याचा आला तो समाधानानें व ज्याचा आला नाहीं तो खिन्न होऊन परत फिरतो. २०१९ सालच्या फेब्रुवारींत केंद्रसरकारनें शेतकरी-कुटुंबास सालीना ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं देण्याची योजना सुरू केली, आणि २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें आपल्या तिजोरींतून तितक्याच रकमेची तींत भर घातली. ह्यांशिवाय पीकविमा, खत, वीज, ठिबक, अवजारें, कर्जमाफी अशा नाना वाटांनीं सरकारचा पैसा शेतीकडे वाहत असतो. हा पैसा वाहूं नये असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. कापसाच्या व सोयाबीनच्या भावानें ज्या जिल्ह्याची पाठ वारंवार मोडली, त्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यास मदतीचा हात देणें हें सरकारचें कर्तव्य आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. हा पैसा कोणाकोणास, किती, व कशाबद्दल मिळाला, हें त्या गांवांतील चारचौघांस एके ठिकाणीं, सरळ मराठींत, वाचावयास कां मिळूं नये ?

सरकारनें शेतकऱ्यास पैसा पुरविणें ही गोष्ट ह्या जिल्ह्यास नवी नाहीं. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हां अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें व हिंगणघाटच्या कापसाचें नांव इंग्लंडांतील गिरण्यांपर्यंत गेलें होतें. युद्ध संपलें, भाव बसले, आणि तेजीच्या काळांत घेतलेलें कर्ज मात्र शिल्लक राहिलें. पुढें १८८३ व १८८४ च्या कायद्यांन्वयें विहीर खोदण्यास, बैल व बियाणें घेण्यास तगाई मिळूं लागली. तगाई मागतांना शेतकऱ्यास पटवाऱ्याच्या व मालगुजाराच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, हें खरें. परंतु तगाई हें कर्ज होतें, आणि कर्ज देणारा आपल्या वसुलीसाठीं तरी चोख हिशेब ठेवतो. अनुदानाची गोष्ट ह्याहून वेगळी आहे. देणाऱ्यास तें परत घ्यावयाचें नसतें, म्हणून तो हिशेबाविषयीं उदासीन. घेणाऱ्यास तें कोणास सांगावयाचें नसतें, म्हणून तो मुका. अशा व्यवहारांत ज्याला हिशेब हवा असा एकच पक्ष उरतो, तो म्हणजे ज्याच्या खिशांतून पैसा गेला तो सामान्य करदाता. साबणापासून कापडापर्यंत प्रत्येक जिनसेवर तो कर भरतो. त्या करदात्यांत शहरांतील व्यापारी आहे, तसाच खेड्यांतील भूमिहीन मजूरही आहे. ह्या मजुराचें नांव अनुदानाच्या कोणत्याही यादींत नाहीं, परंतु कराच्या भरण्यांत त्याचा वांटा आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी.

आतां ह्या पैशाचे ओघ पाहूं. सर्वांत मोठा ओघ खताचा. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्यास २७० रुपयांच्या आंत मिळते. खरी किंमत व ही किंमत ह्यांमधील अंतर सरकार भरून काढतें. २०२२-२३ सालीं सर्व हिंदुस्थानांत ह्या एका बाबीवर सुमारें अडीच लक्ष कोटि रुपये खर्च झाले. हा पैसा शेतकऱ्याच्या हातीं येत नाहीं, कारखानदाराच्या हातीं जातो. २०१८ सालापासून दुकानांतील यंत्रावर अंगठा उमटला म्हणजे कारखानदाराचा हक्क लागू होतो. दुसरा ओघ विजेचा. एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रांत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपास वीज फुकट आहे. तिसरा ओघ ठिबकाचा. लहान शेतकऱ्यास खर्चाच्या शेंकडा ८० व इतरांस शेंकडा ७५ पर्यंत अनुदान मिळतें. ह्या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. परंतु त्यांचा एकत्र विचार केला म्हणजे एक विलक्षण प्रकार दृष्टीस पडतो. ज्याच्या शेतांत विहीर व पंप आहे त्यासच वीज फुकट. ज्यास पाणी आहे त्यासच ठिबक. आणि ज्यास पाणी आहे तोच खत अधिक वापरतो. बोर धरणाखालीं किंवा निम्न वर्ध्याच्या कालव्यावर ज्याचें शेत आहे, त्याच्या पदरांत हीं तिन्हीं दानें पडतात. बरड जमिनींत आभाळाकडे पाहून सरकी टोबणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरांत खताच्या दोन गोण्यांपलीकडे कांहीं पडत नाहीं. म्हणजे ज्याची गरज मोठी त्याचा वांटा लहान, आणि ज्याचा वांटा मोठा त्याची गरज लहान. हा न्याय कोणी योजून केला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकेक योजना वेगळी पाहण्याची आपणांस जी खोड लागली आहे, तिच्यामुळें हा अन्याय कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

२००८ सालच्या कर्जमाफीचा अनुभव असाच आहे. त्या वर्षीं केंद्रसरकारनें दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचें थकलेलें पीककर्ज साफ माफ केलें, व त्याहून अधिक जमीनवाल्यास थकबाकीपैकीं बहुतेक रक्कम स्वतः भरली तर शेंकडा २५ सूट दिली. कागदावर हा नियम गरिबाच्या बाजूचा दिसतो. परंतु जमिनीचें मोजमाप हेक्टरांत होतें, पोटाचें होत नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांतील बागायती दोन हेक्टर आणि वऱ्हाड-वर्ध्याकडील कोरडवाहू चार हेक्टर ह्यांत श्रीमंत कोणता, हें शाळेंतील मुलगाही सांगेल. ज्या विदर्भाच्या दुःखानें ही माफी जन्मास आली, त्याच विदर्भांतील पुष्कळ शेतकरी दोन हेक्टरांच्या रेघेबाहेर राहिले. दोनच वर्षें आधीं, १ जुलै २००६ रोजीं, पंतप्रधानांनीं सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली होती, व त्या सहांत वर्धा होता. तींत गाई वांटण्याचेंही कलम होतें. अर्धी किंमत सरकार भरी, अर्धी शेतकरी. परंतु संकरित गाईस रोज लागणारा चारा व पेंड कोठून आणावी ह्याचें कलम मात्र कोणीं घातलें नव्हतें. ज्याच्या घरीं माणसांच्या भाकरीची पंचाईत, त्याच्या दावणीस अशी गाय बांधणें म्हणजे दुष्काळांत तेरावा महिना आणून सोडणें होय.

इतकें वांटपाच्या आंखणीविषयीं झालें. आतां वांटपाच्या मुळाशीं असलेल्या दोषाकडे वळूं. आपल्या सरकारच्या लेखीं शेतकरी कोण ? जो नांगर धरतो तो नव्हे, तर ज्याचें नांव सातबाराच्या उताऱ्यावर आहे तो. समजा, एका गृहस्थाचें सेलू तालुक्यांत पांच एकर शेत आहे, व तो स्वतः नागपुरास लहानसें दुकान चालवितो. त्यास प्राप्तिकर लागत नाहीं, म्हणून नियमानें तो पात्र आहे. शेत त्यानें गांवांतील एका माणसास सालीना रोख रकमेवर मक्त्यानें दिलें आहे. बियाणें मक्तेदाराचें, मजुरी त्याची, सावकाराचें व्याज त्याच्या डोक्यावर, आणि अतिवृष्टीनें बोंडें सडलीं तर नुकसानही त्याचेंच. परंतु वर्षाचे ६,००० व ६,००० मिळून १२,००० रुपये कोणाच्या खात्यांत पडतात ? नागपूरच्या दुकानदाराच्या. २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन ह्यांबद्दल राज्यसरकारनें हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, दिले. तेही सातबाराच्या मागोमाग गेले. म्हणजे त्या एका हंगामाबद्दल मालकास १०,००० रुपये आणखी, आणि ज्यानें त्या शेतांत घाम गाळला त्यास शून्य. ह्यांत त्या दुकानदारानें कोणताही गुन्हा केला नाहीं. तो नियमानें चालला. नियमच वांकडा आहे. आंधळें दळतें आणि दुसरेंच कोणी पीठ खातें, अशांतला हा प्रकार होय.

मक्तेदाराचें नांव कागदावर कां नाहीं, ह्याचें कारण सर्वांस ठाऊक आहे. विदर्भास १९५८ चा कूळकायदा लागू आहे, आणि लेखी करार केला तर उद्यां कूळ लागेल ह्या भीतीनें मालक तोंडी व्यवहार करतो. पीकविम्याच्या नियमांत मक्तेदारास जागा आहे, परंतु नोंदलेला करारनामा दाखविल्याशिवाय ती जागा मिळत नाहीं, आणि करारनामा तर कोणी करून देत नाहीं. म्हणजे दार उघडें आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशांत आहे. २०१६ सालीं नीति आयोगानें जमीन ठरावीक मुदतीनें देण्याघेण्याचा एक नमुना-कायदा राज्यांपुढें ठेविला होता. त्यांत मालकाच्या मालकीस धोका न येतां कसणाऱ्यास कर्ज, विमा व मदत मिळावी अशी योजना होती. आंध्रानें २०१९ सालीं कसणाऱ्यास हंगामापुरतें पत्रक देणारा कायदा केला. ओडिशानें त्याच सुमारास आपल्या कालिया योजनेंत बटाईदार व भूमिहीन मजूर ह्यांसही स्थान दिलें. उलट तेलंगणानें २०१८ सालीं रयतु बंधु योजना काढली, तींत मोठ्या जमीनदारास मोठी रक्कम व मक्तेदारास कांहीं नाहीं असें झालें, आणि तिच्यावर योग्य ती टीकाही झाली. शेजाऱ्याच्या चुकीपासून व शेजाऱ्याच्या शहाणपणापासून, दोहोंपासूनही धडा घेण्याची सोय आपणांस आहे.

ह्याहून हृदयद्रावक स्थिति स्त्रियांची आहे. निंदण, वेंचणी, खत टाकणें, हीं कामें बहुतेक स्त्रियाच करतात. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें सर्व देशांत स्त्रियांच्या नांवें असलेल्या वहितीच्या खात्यांचें प्रमाण शेंकडा १४ च्या आसपासच होतें. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेनें १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी स्त्रियांचें प्रचंड अधिवेशन भरविलें, व पुढें बायकोच्या नांवें जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली. ती मोहीम जेथें पोहोंचली तेथें पोहोंचली. बाकी ठिकाणीं उतारा पुरुषाच्या नांवाचाच राहिला. पुरुष जिवंत आहे तोंवर हें खपून जातें. परंतु ज्या दिवशीं तो कर्जानें गांजून विषाची बाटली तोंडास लावतो, त्या दिवशीं त्या बाईस कळतें कीं, कायद्याच्या दृष्टीनें आपण शेतकरी नव्हतोंच. २००६ सालापासून अशा कुटुंबास एक लक्ष रुपयांची मदत देण्याचा नियम आहे. ३०,००० रुपये हातीं व ७०,००० रुपये ठेवींत. परंतु मृताचें नांव जमिनीस होतें काय, कर्ज मान्य संस्थेचें होतें काय, थकलें होतें काय, हे प्रश्न पार पडल्यावरच प्रकरण 'पात्र' ठरतें. जमीन सासऱ्याच्या नांवें आणि कर्ज गांवच्या सावकाराचें असलें तर तें 'अपात्र'. मेलेल्या मनुष्यास अपात्र ठरविणारी ही भाषा ज्या कचेरींत बोलली जाते, त्या कचेरीनें निदान जिवंत अपात्र कोण, ह्याचा तरी तितक्याच कसोशीनें शोध केला आहे काय ?

ह्या प्रश्नाचें उत्तर सरकारी कागदांतच आहे. २०२१ सालच्या जुलैंत केंद्रीय कृषिमंत्र्यांनीं संसदेंत सांगितलें कीं, ६,००० रुपयांच्या योजनेंत सुमारें ४२ लक्ष अपात्र लोकांस जवळजवळ ३,००० कोटि रुपये गेले. त्यांत महाराष्ट्रांतील सुमारें साडेचार लक्ष लोक असून रक्कम ३५८ कोटि होती. ह्यांत प्राप्तिकर भरणारे पुष्कळ होते. २००८ च्या कर्जमाफीची तपासणी करून महालेखापरीक्षकांनीं २०१३ सालीं जो अहवाल दिला, त्यांत तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकीं २०,२१६ खात्यांत, म्हणजे शेंकडा २२ हून अधिक खात्यांत, चुका आढळल्या. कोणी पात्र असून वगळला गेला, कोणी अपात्र असून लाभला. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रांत एक रुपयांत पीकविमा मिळूं लागला. अर्ज भरणाऱ्या केंद्रास प्रत्येक अर्जामागें ४० रुपये मिळत, व अर्जदारास एकच रुपया पडे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. जेथें पीक नाहीं तेथें पीक, व जेथें मालकी नाहीं तेथें मालकी दाखविणारे अर्ज सांपडले, आणि २०२५ सालीं सरकारास ती योजना बंद करून पुन्हां शेतकऱ्याकडून हप्ता घेण्याची पद्धति सुरू करावी लागली. लुच्चेगिरी केली थोड्यांनीं, आणि तिची किंमत भरली सर्व शेतकऱ्यांनीं. ज्यांनीं प्रामाणिकपणें एक रुपया भरला होता, त्यांचा अपराध कोणता होता ?

आमचें म्हणणें असें आहे कीं, वरील प्रत्येक प्रकरणांतील दोष तपासनीसाच्या आधीं गांवास ठाऊक होता. गांवांत नोकरदार कोण, दुकानदार कोण, कोणाचें शेत पडीक आहे, कोणाच्या शेतांत कोण राबतो, हें कोणा मुंबईच्या यंत्रास विचारावें लागत नाहीं. हातच्या कांकणास आरसा कशाला ? गांवास न ठाऊक असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे पैसा कोणाच्या नांवें निघाला. हें ज्ञान व तें ज्ञान एकत्र येतील तर निम्मी चोरी आपोआप थांबेल. सरकारनें आतां प्रत्येक शेतकऱ्यास एक ओळखक्रमांक देण्याचें चालविलें असून २०२५ सालापासून महाराष्ट्रांत योजनांसाठीं तो आवश्यक केला आहे. क्रमांकानें खोटा मनुष्य पकडतां येईल; परंतु खरा मनुष्य खोटें सांगत असेल तर त्याला पकडण्यास शेजारीच हवा.

ह्यासाठीं नवा कायदा करावयास नको. माहितीच्या अधिकाराचा जो कायदा २००५ सालीं झाला, त्याच्या चौथ्या कलमांत, कोणीं अर्ज करण्याची वाट न पाहतां, प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, किती रक्कम ठेविली व लाभ कोणास झाला, हें आपण होऊन प्रसिद्ध करावें असें स्पष्ट सांगितलें आहे. केंद्राच्या योजनेची गांववार यादी संगणकावर पाहतां येते, हें आम्हांस ठाऊक आहे, व त्याबद्दल सरकारचे आभारही मानतों. परंतु ती एका योजनेची यादी. खताची वेगळी, ठिबकाची वेगळी, विम्याची वेगळी, कर्जमाफीची आणखी कोठें तरी. आणि त्या सर्व जुळवून एका खातेदारास एका वर्षांत एकूण किती मिळालें हें पाहण्याची सोय खेड्यांतील मनुष्यास नाहीं. जी गोष्ट शोधल्याशिवाय सांपडत नाहीं, ती प्रसिद्ध झाली असें कसें म्हणावें ? अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील एका खासगी संस्थेनें १९९५ सालापासूनचे सरकारी कागद मिळवून, कोणत्या परगण्यांत कोणत्या शेतकऱ्यास किती अनुदान मिळालें, ह्याची नांवनिशीवार मांडणी लोकांपुढें ठेविली आहे. त्या मांडणीनेंच तेथील लोकांस कळलें कीं, लहान शेतकऱ्याच्या नांवानें निघालेला पैसा बहुतांशीं मोठ्यांच्या घरीं जातो, आणि शहरांत राहणाऱ्या जमीनमालकांसही पोहोंचतो. त्या देशाची शेती आपल्याहून निराळी आहे, परंतु मनुष्यस्वभाव एकच आहे.

ह्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, लोकांचे खासगी व्यवहार चव्हाट्यावर मांडणें बरें नव्हे. आणि २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याचें नांवही ह्या कामीं घेतलें जाईल. आमचें उत्तर असें. स्वतःच्या कमाईचा पैसा ही खासगी गोष्ट आहे. सार्वजनिक तिजोरींतून घेतलेला पैसा ही सार्वजनिक गोष्ट आहे. कोणाचा आधारक्रमांक, बँकेचें खातें किंवा फोन फळ्यावर लिहावा असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. नांव, योजना, रक्कम व कोणत्या जमिनीबद्दल, एवढेंच पुरे. आणि एक अपवादही आम्ही आपण होऊन सांगतों. ज्या घरांत आत्मघात झाला त्या घरच्या मदतीचा उच्चार चावडीवर होऊं नये. त्या कुटुंबाचें दुःख ही गांवानें वाचावयाची यादी नव्हे.

दुसरा आक्षेप शहरांतील कांहीं मंडळींचा. त्यांस वाटतें कीं, फुकट देण्यानें शेतकरी आळशी होतो, म्हणून हीं अनुदानें बंदच करावीं. ह्या मंडळींनीं थोडें आत्मपरीक्षण करावें. आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, आणि त्यांस राग आला तरी एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. ठिबकाच्या संचाची पावती अनुदान लक्षांत घेऊन कोण फुगवितो ? हमीभावाच्या केंद्रावर शेतकऱ्याचा सातबारा उसना घेऊन, गांवांतून स्वस्तांत उचललेला माल कोण उतरवितो ? सर्व व्यापारी असें करतात असें आम्ही म्हणत नाहीं; सचोटीचा व्यापारी ह्या प्रकारानें उलट बुडतोच. परंतु शेतकऱ्यास आळशी म्हणण्यापूर्वीं, त्याच्या नांवानें निघालेल्या रुपयांतील किती आणे आपल्या पेठेंत थांबतात, ह्याचा हिशेब पेठेनें द्यावा. यादी लागेल तेव्हां केवळ शेतकऱ्याचेंच नव्हे, तर माल पुरविणाऱ्या दुकानाचें नांवही तींत असावें, असें आमचें मत आहे. कर नाहीं त्याला डर कशाला ?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, व तो शेतकरी चळवळींतूनच येतो. त्यांचें म्हणणें कीं, आम्हांस भीक नको, घामाचे दाम हवेत. सरकार एका हातानें भाव पाडतें आणि दुसऱ्या हातानें सहा हजार देतें. ह्यांत पुष्कळ सत्य आहे. २०२५ च्या १९ ऑगस्टला सरकारनें परदेशी कापसावरील शेंकडा ११ ची जकात उठविली व पुढें ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. नेमका हिंगणघाटच्या बाजारांत नवा कापूस येण्याचा तो काळ. गिरण्यांस कापूस स्वस्त हवा हें आम्ही जाणतों, परंतु त्याची किंमत कोणीं भरावी हा प्रश्न उरतोच. बाहेरच्या जगांतही तोच प्रकार आहे. अमेरिकेनें आपल्या कापूसवाल्यांस दिलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलनें जागतिक व्यापारसंघटनेकडे २००२ सालीं दाद मागितली, ती जिंकली, आणि अखेर २०१४ सालीं अमेरिकेनें ब्राझीलला ३० कोटि डॉलर देऊन तो तंटा मिटविला. ब्राझीलचा तंटा मिटला. वर्ध्याच्या शेतकऱ्यास त्यांतून छदामही मिळाला नाहीं. तेव्हां भावाचा प्रश्न मोठा आहे व अनुदान हें त्याचें उत्तर नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मोठा न्याय मिळेपर्यंत लहान अन्याय चालूं द्यावा, हें कोणतें तर्कशास्त्र ? उलट, जो पैसा मिळतो तो कोठें जातो हें दाखविल्यावरच, तो पुरत नाहीं हें शेतकऱ्यास अधिकारवाणीनें सांगतां येईल.

आतां आमच्या सूचना थोडक्यांत सांगतों. पहिली, वर्ध्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं व जिल्हापरिषदेनें प्रत्येक गांवाची सर्व योजनांची एकत्र यादी वर्षांतून एकदां छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी व ग्रामसभेंत मोठ्यानें वाचवून घ्यावी. कारण ज्यास वाचतां येत नाहीं त्याचाही हा पैसा आहे. २०१७ सालीं संगणकावरील सातबाऱ्यांचें चावडीवाचन आपल्या राज्यांत झालेंच होतें. जी गोष्ट उताऱ्यास जमली ती अनुदानास कां जमूं नये? दुसरी, वाचनानंतर हरकत घेण्यास महिन्याची मुदत असावी, आणि हरकत घेणाराचें नांव गुप्त ठेवावें. नाहीं तर गांवच्या पुढाऱ्याविरुद्ध तोंड उघडण्यास कोणी धजणार नाहीं. तिसरी, यादींतून नांव कमी करतांना त्या मनुष्यास आपली बाजू मांडूं द्यावी. कारण अंगठा उमटला नाहीं किंवा नांवांत एका अक्षराचा फरक पडला म्हणून खऱ्या शेतकऱ्याचा हप्ता अडकणें हाही तितकाच अन्याय आहे. चौथी, ज्या शेतांत मालक कसत नाहीं तेथें कसणाऱ्याची नोंद ग्रामसभेच्या साक्षीनें एका हंगामापुरती व्हावी, त्या नोंदीनें मालकीस धक्का लागणार नाहीं असें राज्यसरकारनें कायद्यानें सांगावें, आणि विमा व नुकसानभरपाई त्यासच मिळावी. पांचवी, ज्या घरांत पतिपत्नी दोघें शेतांत राबतात त्या घरच्या उताऱ्यावर दोघांचीं नांवें यावींत, व जेथें तीं येतील तेथें अनुदानांत अग्रक्रम द्यावा. ह्या पांचांपैकीं पहिल्या तीन गोष्टी ह्या जिल्ह्याच्या कचेरींतून उद्यांही होऊं शकतात. त्यांस मुंबईची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

हें काम दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यानें आधीं करावें असें आम्हांस वाटत नाहीं. १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्यास मगनवाडींत झालें, व कुमारप्पांनीं येथेंच खेड्याचें अर्थशास्त्र मांडलें. १९३६ सालीं गांधीजी सेवाग्रामास राहावयास आले. सार्वजनिक पैशाच्या पैपैचा हिशेब ठेवण्याबद्दल त्या पुरुषाची केवढी ख्याति होती, हें सांगावयास नको. त्यांस येथें आणण्यास कारण झालेले जमनालाल बजाज हे ह्याच पेठेंतील व्यापारी होते. आज त्या झोंपड्या पाहण्यास दुरून लोक येतात, वही पाहून हळहळतात व परत जातात. त्या झोंपड्यांच्या आसपासच्या खेड्यांत सरकारचा रुपया कोणाच्या दारीं उतरला हें सांगणारा एक साधा फळा आपणांस उभारतां येऊं नये, ही लाजेची गोष्ट होय. येत्या ग्रामसभेंत एकाद्या गांवानें उठून आपली यादी मागावी. मागणारें गांव एक असलें तरी चालेल; तालुक्यांतील दुसऱ्या गांवांस ती गोष्ट कळावयास फार दिवस लागणार नाहींत. आणि ज्या मक्तेदाराचें नांव त्या यादींत नसेल, ज्या बाईचें नांव उताऱ्यावर नसेल, त्यांची अनुपस्थितिही त्या दिवशीं प्रथमच सर्वांच्या डोळ्यांपुढें येईल. सुधारणेचा आरंभ तेथूनच व्हावयाचा आहे.